परत आलेले डबे

सैगॉन, ७ फेब्रुवारी १९७९

प्रिय न्यान,

ही चिठ्ठी अंडीवाल्या तुयेतबाईच्या टोपलीत, बदकाच्या अंड्यांखालच्या भुश्शात ठेवली आहे. वाचून झाली की चुलीत घाल. तू जन्माची साठवणखोर, लहानपणी मिठाईचे कागदसुद्धा उशीखाली ठेवायचीस. या वेळी जपू नकोस, जाळ.

तू मागितलेलं सामान मिळणार नाही. म्हणजे मिळेल, पण घेता येणार नाही. इथे कोणी पिशवीभर लिंबं आणि साखर एकदम घेतली की दुकानदारच डोळा मारतो, "काय, समुद्राची हवा खायला का?" आमच्या गल्लीतल्या शिंप्याने वाटेसाठी तांदूळ भाजला. वास पलीकडच्या घरांत गेला आणि संध्याकाळपर्यंत शिंपी, शिंपीण, पोरं सगळी आत. शिलाई मशीन तेवढं शेजाऱ्याने वाचवलं. आता तोच शिंपी झालाय.

म्हणून मी दुसरी वाट काढली आहे. तुझा खिएम हवाई दलात होता तेव्हा त्याच्या बंडीच्या खिशात एक चपटा खाकी डबा असायचा, आठवतो? विमान पडलं आणि माणूस जंगलात नाहीतर दर्यात एकटा सापडला, तर जीव धरून राहायला. आत दाबून केलेल्या गोड वड्या, साखर, कॉफीची पुडी, सूपाची वडी. अमेरिकन गेले, आपलं हवाई दल संपलं, आणि ते डबे शहरभर भंगारात पसरले. काही तर खिएम शाळेत जायचा तेव्हाचे जुने. काल बाजारात एक बाई तसल्याच डब्यात सुया-बटणं ठेवून बसली होती. मी म्हटलं, "मावशी, डबा केवढ्याला?" ती म्हणाली, "सुया घ्या, डबा फुकट." मी म्हटलं, "डबा घेतो, सुया तुम्हाला फुकट." हसली. डबा रिकामाच होता, पण भरलेले तिच्या दिराकडे आहेत म्हणे. उंदीरसुद्धा विचारत नाहीत म्हणून पडून आहेत.

तर तुझा दादा आता डब्यांचा शौकीन झाला आहे. मी पदपथावर जुनी घड्याळं मांडतो, त्याच्या शेजारी हे डबे. लोक हसतात, "थ्वान, हे पत्रे कशाला गोळा करतोस?" मी म्हणतो, "म्हातारपणचा छंद." गोदीत लोखंड वाहून वर आलेला माणूस मी, मला छंद कुठला? पण छंदिष्टाला लोक वेडा म्हणतात आणि सोडून देतात. भुकेल्याला सोडत नाहीत.

वैमानिकांसाठीचे पाण्याचे डबेही मिळतात. तो डबा कानाशी धरून झटका द्यायचा. आत खडा आपटल्यासारखा कडक आवाज आला तर पाणी चांगलं. नुसतं डुचमळलं तर हवा शिरली, टाकून द्यायचं. माझे कान तुला माहीत आहेतच, खोटा सूर लगेच ओळखतात.

किती माणसं आणि कधी, तेवढं कळव.

तुझा दादा,
थ्वान

*

गो-काँग, १८ फेब्रुवारी

दादा,

चिठ्ठी जाळली. "जन्माची साठवणखोर" एवढा तुकडा मात्र ठेवलाय, भेटलास की भांडायला.

माणसं पाच. मी, दिएप आणि खोआ ही दोन पोरं, सासूबाई आणि तू. "मी नंतर येईन" असलं काही लिहू नकोस. होडी सासूबाईंच्या भावाची, म्हणजे आमच्या मामाची. मामाने खालच्या पोकळीत माणशी एक फळी ठरवली आहे. त्याच्या घरचे, इंजिन बघणारा, आणि आपल्या पाच फळ्या. सहावी मागितली तर म्हणतो, "मासे नव्हेत, एकावर एक रचायला."

एप्रिल सरायच्या आत निघायला हवं. मग दर्या उलटतो. आणि मे महिन्यात सरकार आम्हाला जंगल तोडून शेती करायच्या नव्या वसाहतीत पाठवणार आहे. हवाई दलवाल्याचं घर म्हणून आमचं नाव पहिलं. तिथे गेलेल्या ताम्हीणकाकूच्या घरातून परत फक्त तिची सून आली, तीही तापाने पिवळी होऊन. पोरांना घेऊन मी तिथे जाणार नाही. त्यापेक्षा दर्या बरा.

पण गेल्या वर्षीसारखं होता कामा नये. इंजिन बंद पडून आम्ही किनाऱ्याला परत लागलो तेव्हा पिंपातलं पाणी केव्हाच संपलं होतं. खोआ अजून पाण्याचा पेला उशाशी घेऊन झोपतो. पीत नाही. मध्येच हात लावून बघतो, आहे ना.

इथे रेशनला भातात ज्वारी येते, ती पोरं गिळत नाहीत. सासूबाई आणि मी रोज एकाच गोष्टीवरून भांडतो. त्यांनी खिएमचा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर ठेवलाय, उदबत्ती लावतात. मी लावत नाही. त्याचं विमान परत आलं नाही एवढंच कळलंय. तो मेला असं मला कोणी येऊन सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, "उपाशी ठेवतेस माझ्या लेकाला." मी म्हणते, "जिवंत माणसाला उदबत्तीचा धूर खायला घालता."

डबे लवकर पाठव. चांगले पाठव.

न्यान

*

सैगॉन, ५ मार्च

न्यान,

तुझ्या दादाला खाण सापडली आहे. आणि कुठे, तर एका म्हाताऱ्याच्या शवपेटीत.

सुयावालीच्या दिराकडचे डबे फुगलेले निघाले. मी नखाने वाजवून बघत होतो. तोच म्हणाला, "असाच वाजवणारा एक म्हातारा आहे. दोमकाका. विमानतळाच्या कोठारावर होता, फ्रेंचांच्या वेळेपासून." गेलो. आपल्याकडचे म्हातारे करून ठेवतात तशी त्याने स्वतःची शवपेटी करून ठेवली आहे. बाहेरच्या खोलीत, बाकासारखी. मला म्हणाला, "बस, बस. लाकूड फणसाचं आहे." बसलो, तर आतून खडखडलं.

"काका, तुमच्या आधीच कोणी राहायला आलंय का?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. अमेरिकन सामान घरात सापडलं तर काय होतं ते त्यालाही ठाऊक. मग मी तुझं, पोरांचं, मामाच्या फळ्यांचं सगळं सांगितलं. मोठा जुगार होता, पण त्याच्या बोलण्यात मला खोट लागली नाही. त्याने झाकण सरकवलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले डबे, ओळीने, जातवार. फ्रेंचांचे किल्लीने उघडायचे, अमेरिकनांचे पट्टी ओढून उघडायचे, पाण्याचे वेगळे. एकालाही गंज नाही. दर आठवड्याला पुसतो म्हणे.

मी म्हटलं, "काका, हा छंद?"

"छंद कसला गाढवा. उड्डाणाआधी माणूस माझ्याकडून डबा घ्यायचा, उतरला की परत करायचा. मी डबा हातात घेऊन 'जमा' म्हणायचो, तेव्हा तो जमिनीवर आला असं मी मानायचो. डबे जुने झाले की वरून हुकूम यायचा, नष्ट करा. कसे करू? यातला एकेक डबा म्हणजे परत आलेला एक माणूस."

मी खिएमचं नाव घेतलं. म्हणाला, "उंच? डाव्या हाताने डबा घ्यायचा तो? वाकायचा नाही, मलाच हात वर करायला लावायचा." पेटीत खाली हात घालून एक डबा काढला. तळाशी खिळ्याने ओढलेली रेघ, त्याची खूण. "त्याने आधीच्या खेपेला परत केलेला. शेवटचा आणला नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण शेवटचा त्याच्याबरोबर होता. मी माझ्या हाताने दिला होता. भरलेला."

हे तुला सांगावं की नाही याचा विचार करत दोन चहा झाले. सांगितलं.

पैसे घ्यायला तयार नाही. अट एकच. "खा. पण डबे परत पाहिजेत."

"काका, दर्यातून?"

"त्यांनी जंगलातून आणले. एकाने गोळी लागलेला आणला. पट्टी ओढून उघडायचे, सुरीने भोसकायचे नाहीत."

मी हो म्हटलं. माणसाला काय हवंय ते कळलं की हो म्हणायला जड जात नाही. तुयेतबाई तीन खेपांत आणेल. रेघेचा डबा पहिल्या खेपेत आहे. सासूबाईंना दाखव. लेकाच्या हातातली वस्तू आहे.

थ्वान

*

गो-काँग, २२ मार्च

दादा,

त्यांना दाखवायला नको होता.

सासूबाईंनी डबा दोन्ही हातांत धरला, तळाच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि दिवसभर तो खाली ठेवला नाही. परवा खिएमचं श्राद्ध होतं. त्यांच्या लेखी श्राद्ध, माझ्या लेखी नुसतं जेवण. नवीन खाणं घरात आलं की आधी देव्हाऱ्यावर, मग आपल्या पानात, हे त्या कधी चुकवत नाहीत. मी स्वयंपाकघरात मासा तळत होते. बाहेर येऊन बघते तर चिकट भात, फणसाचे गरे, आणि मधोमध तो खाकी डबा. त्याच्याभोवती आणखी चार, नक्षी काढल्यासारखे.

आणि पुढ्यात जेवायला बसलेला गावचा अधिकारी त्राँग. त्याला न बोलावता श्राद्ध घालता येत नाही, तुला माहीत आहे.

तो म्हणाला, "आजी, हे कुठलं फळ?"

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचं खाणं. आकाशातलं."

त्राँगने डबा उचलला, उलटा केला, परत ठेवला. मग जेवला, पोटभर जेवला. हात धुवायला अंगणात आला तेव्हा मी पाणी घालत होते. हळूच म्हणाला, "वहिनी, कोण कोण?"

"कशाला कोण?"

"मी फुलपात्रातलं पाणी पितो म्हणून मला दर्या कळत नाही असं नाही. माझी उयेन बारा वर्षांची आहे. तिची आई गेली. मी कुठे जाऊ शकत नाही, माझ्यावर माझ्याच लोकांची नजर आहे. तिला न्या."

मी म्हटलं, "आम्ही कुठेच जात नाही, भाऊजी."

"मग हे डबे मला वर कळवावे लागतील." एवढं बोलला, आणि दादा, त्याचे हात इतके थरथरत होते की मी घातलेलं पाणी ओंजळीत ठरेना.

मामा म्हणतो जागा नाही. म्हटलं खोआला मांडीवर घेते. म्हणतो, "मांडीवरचं पोरही तितकंच पाणी पितं." कोणाला उतरवू? सासूबाई म्हणतात मला उतरव. त्यांना ठेवून गेले तर दुसऱ्या दिवशी चौकशी त्यांचीच होणार.

मी सासूबाईंवर एवढी ओरडले की दिएप रडायला लागली. त्या नुसत्या म्हणाल्या, "दाखवल्याशिवाय कसं खायचं?"

काय करू ते सांग. लवकर सांग.

न्यान

*

सैगॉन, १ एप्रिल

न्यान,

जागेचं झालं, रडू नकोस. मंगळवारी मी गो-काँगला येऊन गेलो. तू रेशनच्या रांगेत होतीस, तुला शोधत बसलो असतो तर बस गेली असती. मामाशी बोललो, सासूबाईंशी बोललो. पाचवी फळी उयेनला दे. मी नदीच्या मुखाशी जाळं टाकायच्या निमित्ताने दुसऱ्या होडीत असेन. मामा तिथे वेग कमी करेल आणि मला वरच घेईल. मला फळी कशाला, मी गोदीतला माणूस, होडीच्या टोकाला, नाळेवर, दोरखंडावर झोपेन.

त्राँगला शिव्या घालू नकोस. बापाचे हात कशाने थरथरतात ते मला कळतं. आणि सासूबाईंनाही नको. त्यांनी तो डबा लपवला असता तर आपण आणखी लपत राहिलो असतो आणि मे उजाडला असता.

आता खाण्याचं ऐक. पाणी नसेल तेव्हा खाऊ नकोस, खाल्लं की तहान वाढते. वडी एकदम द्यायची नाही, चिमटीने. चघळू दे. सूपाच्या वड्या भयंकर खारट असतात, डबा उघडलास की आधी त्या काढून टाक. पाण्याचे डबे पुन्हा एकदा कानाशी वाजवून घे. पोरांच्या हातात डबा द्यायचा नाही. खोआलासुद्धा नाही, कितीही रडला तरी.

सासूबाई म्हणाल्या रेघेचा डबा थ्वानचा. मी हो म्हटलं. तो तुझ्याजवळ ठेव, मी येऊन घेईन.

थ्वान

*

गो-काँग, १२ एप्रिल

दादा,

ओहोटी रविवारी पहाटेची. त्राँग स्वतः उयेनला आणून सोडणार आहे, वर दोन नारळ देणार आहे. ती अजून एक शब्द बोललेली नाही.

पाण्याचे डबे वाजवले. एक डुचमळला. टाकला.

तुझा डबा माझ्या कमरेला बांधलाय. मुखाशी लाल फडकं दाखव, म्हणजे मला दिसशील.

न्यान

*

बेट, मलेशिया, २० जून

दादा,

ही चिठ्ठी टपालाने नाही. इथल्या छावणीत तांदूळ आणणाऱ्या जहाजाचा आचारी सैगॉन बंदरात जातो. त्याला दोमकाकांचा पत्ता दिलाय, तुझ्या जागेवर कोणाची नजर असेल म्हणून. तो येतो महिन्यादोनमहिन्यांनी, पण माणूस बरा वाटतो.

लाल फडकं नव्हतं.

मामाने वेग कमीच केला नाही. मी ओरडले, "थांबव, माझा भाऊ आहे!" सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "तो यायचा नव्हता ग. फळी एकच होती." तुम्हा तिघांना माहीत होतं. मला नव्हतं. तुझ्या छातीवर बसून तुला मारावंसं वाटलं आणि तू तिथे नव्हतास, म्हणून मी त्यांना मारलं. म्हाताऱ्या बाईला, दादा. त्यांनी मारू दिलं.

वारा फिरला, इंजिनात पाणी शिरलं, आणि आम्ही वाहत राहिलो. तुझ्या वड्यांनी पोरं जगली. चिमटी चिमटी दिल्या. पिंप आटलं तेव्हा तुझे पाण्याचे डबे काढले. झाकणाने मोजून दिएप, खोआ, उयेन. मोठ्यांना ओठ ओले करण्यापुरतं. सासूबाई आपला वाटा तोंडात घ्यायच्या आणि मान वळवायच्या. मला वाटायचं गिळतात. त्या उयेनच्या तोंडात सोडत होत्या. ज्या पोरीला होडीत चढताना त्यांनी "आगाऊ पाहुणी" म्हटलं होतं तिच्या.

मग वड्याही संपल्या. फक्त तुझा डबा राहिला.

खोआ म्हणाला, "थ्वानमामाचा उघडू या?" मी म्हटलं, "थ्वानमामा आला की." वेड्यासारखी बोलले. पट्टीत बोट घातलं, काढलं. परत घातलं. सासूबाई आडव्या होत्या, त्यांना दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, "आई, उघडते. तुम्हाला देते." त्या म्हणाल्या, "मला आता चावत नाही. पोरांसाठी लागला तर उघड. नाही लागला तर नको. मी माझ्या लेकाला फार लवकर देव्हाऱ्यावर बसवलं. तू भावाला बसवू नकोस."

पहाटे त्या गेल्या. त्यांचा रिकामा डबा हातात देऊन त्यांना पाण्यात सोडलं. दोमकाकांना सांग, तो एक मिळणार नाही.

त्याच दुपारी पाऊस आला. मग एक मालवाहू जहाज. मला वाटलं होतं ते थांबणार नाही, पण थांबलं.

तू सूपाच्या वड्या टाकायला सांगितल्या होत्यास. सासूबाईंनी त्या वेचून पदरात बांधल्या होत्या, टाकवत नाही म्हणून. इथे वाळूत उयेनने खेकडे धरले. त्या वड्या घालून पहिलं गरम जेवण केलं. पोरीने तेव्हा तोंड उघडलं. म्हणाली, "आजीचं सूप."

तू कुठे आहेस ते लिही. दोन ओळी लिही. मला भांडायचं आहे.

न्यान

*

बेट, २ ऑक्टोबर

दादा,

आचारी येऊन गेला. म्हणतो, चिठ्ठी म्हाताऱ्याने घेतली आणि दार लावलं. बाजारात तुझ्या जागेवर कोणी तरी चपला विकतोय. घड्याळवाल्याचं विचारलं तर लोकांनी मान फिरवली.

मला माहीत आहे मान का फिरवतात.

फळकुटाचा देव्हारा केलाय. सासूबाईंचा फोटो नाही, त्यांची कंगवी ठेवलीय. खिएमचं काहीच नाही, तसंच बरं. आणि आज तुझा डबा ठेवला. उदबत्ती इथे मिळत नाही, उयेनने डासांची अगरबत्ती तोडून आणली. दिएपने विचारलं, "थ्वानमामा मेला?" मी म्हटलं नमस्कार कर.

सासूबाईंनी सांगितलं होतं ते मी मोडलं. वाट बघायची ताकद संपली, दादा. त्यांना पाच वर्षं जमलं नाही, मला सहा महिने जमलं नाही.

जिवंत असशील तर मला शिव्या दे.

न्यान

*

सैगॉन, १८ नोव्हेंबर

न्यान,

देतो. गाढवीण. मूर्ख. साठवणखोर ती साठवणखोर, आणि जे साठवायचं तेच देव्हाऱ्यावर मांडून बसलीस?

मी आहे. बारीक झालोय, दात दोन कमी आहेत, पण बोलायला बाकीचे पुरतात. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात माझ्या चादरीवरचे डबे कोणाच्या तरी डोळ्यांत आले. अमेरिकन सामान म्हणून नेलं. मी सांगत राहिलो, छंद आहे साहेब. विचारणारा तरुण होता. "छंद असलेल्या माणसाचा आवाज माल सांगताना सुकत नाही," म्हणाला. बघ, माझ्यासारखेच कान असलेला भेटला. पण तुमचं नाव निघालं नाही, कारण रोज सकाळी मी दुकान मांडून बसलेला सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्याची माणसं पळाली तो असा घड्याळाला चावी देत बसतो होय? म्हणूनच राहिलो होतो. फळीचं कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. मंगळवारी तुला सामोरं गेलो असतो तर तू माझ्या तोंडावरून ओळखलं असतंस.

गेल्या आठवड्यात सोडलं. सरळ दोमकाकाकडे गेलो. म्हातारा आजारी आहे, खाटेवरच असतो. पेटीकडे बोट केलं. तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यांच्या ओळीत. मी म्हटलं, "काका, दोन ओळी उत्तर द्यायचं होतंत! ती मला मेला समजून बसलीय." तर म्हणतो, "तू आहेस की नाहीस मला काय ठाऊक? मी डबा हातात आल्याशिवाय कधी कोणाला 'आला' म्हटलं नाही."

सासूबाईंचं वाचलं. त्या मंगळवारी मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुझी बहीण मला मारेल बघ." हसत म्हणाल्या होत्या. तेव्हा तू ते मनात ठेवून कुढू नकोस. त्यांना अंदाज होता आणि त्यांनी तो सौदा केला होता.

आता ऐक. देव्हाऱ्यावर ठेवलेलं अन्न तिथेच ठेवायचं नसतं, हे सासूबाईंच्या सुनेला मी सांगायला नको. उतरव. चौघं मिळून खा. पट्टी नीट ओढ. आणि डबे परत पाठव, म्हाताऱ्याकडे दिवस थोडे आहेत.

थ्वान

*

बेट, ९ जानेवारी १९८०

दादा,

आचाऱ्याने चिठ्ठी दिली तेव्हा मी पाण्याच्या रांगेत होते. "गाढवीण" एवढं वाचलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं वाईट बातमी. एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी तिला म्हटलं, "माझ्या भावाने शिव्या दिल्यात."

डबा उतरवला. पट्टी दिएपने ओढली, अखंड निघाली. मी आधी आत सगळं चाचपलं. का कोण जाणे, वाटलं खिएमचं काही असेल. काही नव्हतं. वड्या, साखर, कॉफी, सूपाची वडी. वड्यांना जुन्या कपाटासारखा वास, आणि चव लाकडाच्या भुश्शात गूळ कालवल्यासारखी. चौघांनी खाल्ल्या. उयेन म्हणाली, "आजी बरं झालं चावत नाही म्हणाल्या." आणि आम्ही इतकं हसलो की शेजारचे तंबूतून बाहेर आले.

मग खोआने त्या डब्यात पाणी घेतलं, सगळं प्याला आणि डबा पालथा घालून झोपला.

आचाऱ्याकडे पाच डबे देतेय. दिएपचा, खोआचा, उयेनचा, माझा. आणि रेघेचा. घासलेत, पण भोसकलेला एकही नाही. उयेनच्या वडिलांना मुलगी जेवते एवढं कळव.

आम्हाला पुढे कुठे पाठवतील ते ठरलेलं नाही. तुझ्या दातांचं वाईट वाटलं. भांडण बाकी आहे.

न्यान

*

सैगॉन, ३ मार्च १९८०

न्यान,

डबे पोचले. लगेच घेऊन गेलो. म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवलं. एकेक डबा हातात घेतला, नखाने वाजवला, आत नाक घालून वास घेतला.

"हा कोणाचा?"

"दिएपचा."

"जमा."

"खोआचा."

"जमा."

असं उयेनचं झालं, तुझं झालं. आवाज खाटेवरच्या माणसाचा राहिला नव्हता, कोठारातल्या माणसाचा झाला होता. सासूबाईंचा नाही म्हटल्यावर पेटीत एक जागा तशीच रिकामी ठेवायला लावली. खिएमच्या शेवटच्या डब्याची जागा तिथे आधीपासून रिकामी आहे. तिच्या शेजारी.

मग रेघेचा. उलटा करून बघितला. "हा?"

मी म्हटलं, "हा माझा, काका."

मग डबा माझ्या मांडीवर टाकला. "तू गेलास कुठे होतास?"

"कुठेच नाही."

"जो गेलाच नाही त्याचा डबा मी जमा करत नाही. नियम आहे." धाप लागली होती, तरी मला पेटीतला शेवटचा भरलेला डबा काढायला लावला, त्यातल्या वड्या रेघेच्या डब्यात भरायला लावल्या, आणि पट्टी परत डकवायला लावली. तीनदा वाकडी झाली, तीनदा काढायला लावली. "आता जा," म्हणाला. "आणि लवकर जा. मला या पेटीत झोपायचंय, तुझ्यासाठी किती दिवस बाहेर थांबू?"

काल तुयेतबाईच्या टोपलीतून त्राँगचा निरोप आला. मुलगी जेवते हे ऐकून त्याने ओटीवर बसून तोंड झाकून घेतलं म्हणे. निरोपात एवढंच आहे की एप्रिलमध्ये, दर्या उलटायच्या आधी, एक होडी आहे आणि तिच्यावर एक फळी आहे. या वेळी तो हात थरथरू देणार नाही म्हणतो.

डबा माझ्या उशाशी आहे. मध्येच हात लावून बघतो.

थ्वान